गावातल्या पाच घरांचं करायचं काय?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर पुण्यात, कॉलेज विदर्भात, सरकारी. पहिल्या वर्षी आमचं गावात शिबिर झालं आणि प्रत्येकाला पाच कुटुंबं दत्तक मिळाली. दर महिन्याला कॉलेजची बस आम्हाला सकाळी अकराला गावात सोडते आणि दीडला परत नेते. सर बसमध्ये असतात, पण घराघरांत आम्हीच जातो.

माझ्या एका घरात आजी आहेत. बीपी १७०/१०० भरलं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळालेल्या आहेत, डब्यात तशाच पडून असतात. दर भेटीत सांगते, गोळी घेत जा. त्या म्हणतात, "हो माय, खातो ना." खात नाहीत. दुसऱ्या घरात सून गरोदर आहे, पण प्रश्न तिला विचारला की उत्तर सासू देते. तिसऱ्या घरातले काका मागच्या वेळी म्हणाले, "तुम्ही येता, लिवून घेता अन् जाता. आमाले काय भेटते त्याच्यातून?" आता त्यांनी दार उघडणंच बंद केलं आहे.

माझ्या बॅचमधले बरेच जण बसमध्येच लॉगबुक भरतात. सगळ्यांचं बीपी १२०/८०. त्यांना माझ्याइतकेच मार्क मिळतात. ते नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, ॲपवर पुढे गेलेत आणि मी मागे पडतेय. आईला वाटतं मी रेडिओलॉजी करावं. मलाही कदाचित तेच आवडेल. मग या पाच घरांचा मला उपयोग काय, आणि खरं म्हणजे त्यांना माझा उपयोग काय? मीही लॉगबुक भरून मोकळी होऊ का?

– विदर्भातली एक विद्यार्थिनी

उत्तर

आधी आजींबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात निकडीची गोष्ट तीच आहे. नीट-पीजीचं नंतर बघू.

१७०/१०० हा आकडा तू कसा मोजलास ते लिहिलेलं नाहीस. उन्हातून आलेल्या आजी, उकिडव्या बसलेल्या, कफ पोलक्याच्या बाहीवरून बांधलेला आणि शेजारी चार जण गप्पा मारताहेत, अशा वेळी जो आकडा येतो त्यावर विसंबता येत नाही. पुढच्या वेळी त्यांना ओसरीवर भिंतीला पाठ टेकवून बसव. पाय जमिनीला टेकलेले, हात कशावर तरी ठेवलेला, कफ हृदयाच्या पातळीला आणि उघड्या दंडावर. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, त्यांनीही नाही आणि तूही नाही. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा खर्रा झाला असेल तर थांब. मग मोज, मिनिटभर थांबून पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे लिही. तरीही १७०च्या आसपास आलं तर ते खरं मानायचं आणि त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांना दाखवतील असं बघायचं. आकडा १८०/१२०च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल, तर बसची वाट बघत बसू नकोस. लगेच १०८ला फोन कर आणि सरांना बोलावून घे.

आता गोळ्यांचं. "गोळी घेता का?" असं विचारलं की आपल्याकडची कुठलीही म्हातारी "हो" म्हणणार. घरी आलेल्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून म्हणणार. तू विचार, "आजी, शेवटची गोळी कधी खाल्ली होती?" मग म्हण, "डबा दाखवता का?" पाकिटावरची तारीख बघ, उरलेल्या गोळ्या मोज. मग तुझा खरा प्रश्न: "गोळी खाल्ली की काय होतं?" आणि इथं गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो.

उत्तरं काय येऊ शकतात ते सांगते. काही जण डोकं दुखलं त्या दिवशीच गोळी खातात, कारण त्यांच्या लेखी बीपी म्हणजे डोकेदुखी. काहींना वाटतं एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, म्हणून सुरूच करायची नाही. काही जण आपल्या गोळ्या नवऱ्याला देतात, कारण त्याचंही बीपी वाढलेलं असतं आणि तो दवाखान्यात जायला तयार नसतो. आणि काही जण सांगतात की गोळीनं पाय सुजले. हे शेवटचं उत्तर आलं तर पाकिटावरचं नाव वाच. ॲम्लोडिपिन असेल तर आजी खरं बोलताहेत. त्या औषधानं काही रुग्णांच्या घोट्यांना सूज येते, हे तुझ्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात दुष्परिणामांच्या यादीत आहे. ती यादी तू पाठ केली असशील. पण घरातलं कुणी तरी ती सूज बघून घाबरलं आणि गोळी बंद झाली, हे पुस्तकात नसतं. सूज हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळेही असू शकते, म्हणून आजींची तपासणी व्हायला हवी. डोस कमी करायचा की औषध बदलायचं हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतील. तू ठरवायचं नाहीस, सुचवायचंही नाही. तुझं काम एक चिठ्ठी लिहिण्याचं: नाव, वय, दोन्ही वेळचं बीपी तारखेसह, गोळीचं नाव, किती उरल्या, पायाला सूज आहे का, दाबल्यावर खळगा पडतो का. ती चिठ्ठी सरांना दाखव, त्यांची सही घे आणि आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, हातून आजींबरोबर पाठव. अशी चिठ्ठी हातात पडली की ओपीडीतल्या डॉक्टरांची दहा मिनिटं वाचतात, आणि तिथं दहा मिनिटं कुणाकडेच नसतात.

आणखी एक शक्यता आहे. आजी गोळ्या खात असतील, पण महिन्याच्या संपल्यावर पुन्हा आणायला कुणी नसेल. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की घरातलं धडधाकट माणूस आरोग्य केंद्राच्या ओपीडीच्या वेळेत शेतात असतं. पुढे कापसाची वेचणी. एक रोज बुडवून गोळ्या आणायला जाणं परवडत नाही. अशा वेळी जवळचं उपकेंद्र कुठं आहे, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपीच्या गोळ्या देतात का, कोणत्या वारी देतात, हे शोधून काढ. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचा भर याच साध्या गोष्टींवर होता: ठरलेली औषधं, ती मोफत आणि घराजवळ मिळणं, आणि न आलेल्या रुग्णाचा शोध घेणं. गावातला तो न आलेला रुग्ण तुझ्यासमोर बसलेला आहे.

आता तू विचारलेला पहिला प्रश्न. या घरांचा तुला उपयोग काय?

१९६१ साली अमेरिकेतले डॉ. कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांच्या आधारे एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसं घेतली तर महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० डॉक्टरांकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो एक. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना आपण शिकवतो ते त्या एकावर. बाकीच्या दुखण्यांची गाठ त्यांना पडतच नाही, आणि त्या एकाचीही पडते ती उशिरा. आपल्या खेड्यांतले आकडे वेगळे असतील, पण तू मेडिसिनच्या वॉर्डात जाशील तेव्हा हीच गोष्ट दिसेल. अर्धांगवायू झालेला पेशंट पलंगावर असेल. त्याची केस घेताना "रक्तदाबाचा त्रास होता, औषध अनियमित" असं एक वाक्य तू लिहिशील. त्या "अनियमित" मागे काय असतं ते पाहायला मिळण्याची जागा आजींची ओसरी आहे. वॉर्डात ते कुणीही दाखवू शकत नाही, कितीही मोठा प्राध्यापक असला तरी.

खेड्यातली डॉक्टरकी म्हणजे समाजसेवा आणि शहरातली म्हणजे विज्ञान, अशी एक वाटणी मुलांच्या डोक्यात पक्की असते. तुझ्याही पत्रात ती थोडी डोकावते. मला ती मान्य नाही, आणि त्याला आपल्याच राज्यातला पुरावा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या मेडिकलमधून शिकून १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. घाम, उलट्या, गार पडलेले हात-पाय आणि मग फुप्फुसात पाणी. पुस्तकांत त्याचं नीट वर्णन नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम, उलटी असं सगळं तासातासाला टिपून ठेवलं. ती निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना वापरलं आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. आरोग्य केंद्रात मोठी यंत्रं नव्हती, वही होती. त्या वहीतली प्रत्येक नोंद खरी होती म्हणूनच तिचा उपयोग झाला.

त्यामुळे लॉगबुकवर माझं मत कडक आहे. बसमध्ये बसून लिहिलेलं १२०/८० हे खोटं आहे, आणि ते आळसातून आलेलं साधं खोटं आहे असं मी मानत नाही. न तपासलेल्या माणसाचा आकडा लिहिण्याची सवय हाताला एकदा लागली की ती इंटर्नशिपमध्ये रात्री तीन वाजता, वॉर्डात चाळीस पेशंट असताना, पुन्हा वर येते. तेव्हा त्या खोट्या आकड्यावर कुणाचं तरी सलाइन सुरू किंवा बंद होणार असतं. तू तुझ्या वहीत "घर बंद होतं" असं लिही. "आज बोलायला नकार दिला" असं लिही. "बीपी मोजता आलं नाही, कफ गळत होता" असंही लिही. मार्क कमी झाले तर होऊ देत. आणि हे सरांना सांग. मित्रांची नावं सांगायची गरज नाही. एवढंच म्हण: "सर, आमच्या सगळ्यांच्या वह्यांतले आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा." ज्याला थोडीही संख्याशास्त्राची ओळख आहे त्याला एका नजरेत कळेल.

सरांबद्दलही थोडं. मी आयुष्यभर पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक, शिकवलं, म्हणून हे हक्कानं लिहिते. मुलांना गावात पाठवण्याची कल्पना नवी नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीनं म्हटलं होतं की आपला डॉक्टर समाजाचा डॉक्टर असला पाहिजे. १९७७ साली 'रोम' नावाची योजना आली. प्रत्येक मेडिकल कॉलेजनं तीन तालुका-गटांची जबाबदारी घ्यायची, गाड्यांतून शिक्षक आणि विद्यार्थी गावात जायचे. बहुतेक ठिकाणी ती विरली. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, त्यातूनच तुझी पाच घरं आली. या सगळ्यांतून माझ्या मनात एक गोष्ट ठाम झाली आहे: शिक्षक उंबऱ्यापर्यंत आला नाही तर विद्यार्थी तिथं शिकत नाही. वॉर्डात राउंडला सर बसमध्ये बसून राहत नाहीत, पलंगापाशी उभे राहतात. गावातही तसंच हवं. प्रत्येक भेटीत एका तरी विद्यार्थ्याच्या घरी सरांनी बरोबर यावं, आणि परतीच्या प्रवासात त्या घरावर सगळ्यांनी बोलावं. तू आणि आणखी दोघी-तिघी मिळून सरांकडे ही मागणी करा. तक्रार म्हणून करू नका. "सर, आजींच्या पायाची सूज मला ओळखता येत नाही, तुम्ही दाखवाल का?" असं म्हटलं तर नाही म्हणणारा शिक्षक मी क्वचितच पाहिला आहे.

आता दार बंद केलेले काका. मला त्यांचा प्रश्न योग्य वाटतो, आणि तो तुला लागला हे चांगलं झालं.

सेवाग्राम तुझ्यापासून फार लांब नसावं. तिथलं मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलं. तिथली नवी मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात, मग एका गावात शिबिर करतात, आणि ते गाव त्या बॅचचं होतं. पण मला तिथली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आसपासच्या गावांतल्या लोकांनी सुगीला ज्वारी द्यायची आणि तो दवाखान्याच्या विम्याचा हप्ता धरायचा, अशी पद्धत तिथं उभी राहिली. ज्यानं ज्वारी दिली आहे तो दवाखान्याला जाब विचारू शकतो. तुझे काकाही काही देत आलेत. घरातली माणसं किती, कमाई किती, संडास आहे की नाही, दारू कोण पितं, हे सगळं त्यांनी परक्या मुलीला सांगितलं. त्यांचं देणं झालं, तुझ्याकडून परत काही गेलं नाही. त्यांनी जाब विचारला.

त्यामुळे पुढच्या वेळी फॉर्म घेऊन जाऊ नकोस. आधी आशाताईंना भेट. तिला विचार, त्या घरात काय चाललं आहे. कदाचित कुणी आजारी असेल, कर्ज असेल, किंवा आधीच्या बॅचच्या कुणी तरी "करून देतो" म्हणून काही कबूल केलं असेल आणि केलं नसेल. आशाताई त्या गावाची सगळ्यात जाणती आरोग्य कार्यकर्ती आहे. तिच्याकडे गेल्याशिवाय गावात पाऊल टाकू नये असं मी मुलांना नेहमी सांगत आले. तिचा वेळ फुकट नाही हेही लक्षात ठेव. तिला मोबदला कामाप्रमाणे मिळतो, तेव्हा तिच्या कामात हातभार लाव. तीस वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीचे फॉर्म तिला भरायचे असतात, त्यात बीपी मोजून दे.

मग काकांच्या दारात जा आणि बाहेरूनच सांग: "काका, मागच्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं ते सांगायला आलेय." आणि खरोखर काहीतरी सांग. त्यांचं आणि काकूंचं बीपी, वजन एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दे, त्यात काय ठीक आहे आणि काय पुन्हा बघायला हवं तेही. घरात कुणाचं ऑपरेशन पैशासाठी अडलं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का आणि कोणत्या दवाखान्यात होतं, हे तुझ्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून ये. एक काम. मोठं नको. जे करता येणार नाही ते कबूल करू नकोस, आणि औषधं किंवा पैसे स्वतःच्या खिशातून देऊ नकोस. ते एकदाच देता येतं आणि पुढच्या बॅचला त्याचा त्रास होतो. तरीही दार उघडलं नाही तर त्यांना तो अधिकार आहे. सरांना सांगून दुसरं घर माग आणि वहीत कारण लिही.

वेळेचा प्रश्न तुमच्या सगळ्यांनाच असणार. अकरा ते दीड या वेळात खेड्यात भेटतात म्हातारी माणसं आणि शाळेत न जाणारी मुलं. कमावती माणसं, म्हणजे ज्यांच्या व्यसनाबद्दल, फवारणीबद्दल, पाठदुखीबद्दल तुम्हाला समजायला हवं, ती शिवारात. यवतमाळला २०१७ च्या फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तुमच्या गावात फवारणी कोण करतं, कोणत्या कपड्यांत करतं, डबा कुठं ठेवतं, हे अकराच्या भेटीत कधीही कळणार नाही. महिन्यातली एक फेरी संध्याकाळी पाचनंतर नेता येते का, ते विभागप्रमुखांना लेखी विचारा. बसच्या ड्रायव्हरच्या ड्युटीचं कारण सांगतील, पण तारीख आधी कळवली तर ते सुटतं. संध्याकाळी एकटीनं मात्र कुठल्याही घरी जायचं नाही. दोघी मिळून जायचं, आणि दारू प्यायलेलं कुणी दिसलं तर तिथून निघायचं.

सुनेचं थोडक्यात सांगते. तिला घरात प्रश्न विचारू नकोस. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो तेव्हा ती येते, सिस्टर तिला तपासतात, तिचं माता-बाल संरक्षण कार्ड तिथं असतं. त्या दिवशी तू तिथं बसून मदत कर, मग ती आपोआप बोलेल. हिमोग्लोबिन बघ, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेते का विचार, आणि डोकेदुखी, अंधारी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं यातलं काही झालं तर लगेच कुणाला सांगायचं ते तिला पक्कं माहीत आहे का बघ. आणि सासूला बाजूला सारू नकोस. तिला तिच्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल विचार. त्या पिढीच्या बायकांना हे सहसा कुणी विचारलेलं नसतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले, आणि फार थोड्या जणींची त्याआधी कधी तपासणी झाली होती. सासू बोलती झाली की सुनेला दवाखान्यात नेणारी तीच होते.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण तुझ्या वयाच्या मुलांना सांगावीच लागते. या घरांतले फोटो कुठंही टाकायचे नाहीत. बॅचच्या ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही, "माझी दत्तक आजी" म्हणून तर मुळीच नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. वॉर्डातल्या पेशंटचा फोटो तू टाकशील का? तोच नियम ओसरीवर.

राहिलं नीट-पीजी. त्याचा अभ्यास कर, भरपूर कर. महिन्यातून अर्धा दिवस गावात गेल्यानं कुणाची रँक गेलेली मला माहीत नाही. बसमधल्या वेळात ॲप उघडलंस तरी माझी हरकत नाही. आणि रेडिओलॉजी आवडत असेल तर जरूर कर. गाव पाहिलेल्या सगळ्यांनी गावातच राहावं असं मी कधी म्हटलं नाही. सोनोग्राफीसाठी आलेली बाई दोन एसट्या बदलून, मजुरी बुडवून आली आहे हे ज्या रेडिओलॉजिस्टला दिसतं, तो तिला "रिपोर्ट उद्या घ्या" म्हणताना थांबतो. मात्र त्याआधी एक टप्पा आहे, जो तुझ्या हिशेबात दिसत नाही. तू सरकारी कॉलेजात आहेस, म्हणजे एमबीबीएसनंतर वर्षभराची बॉण्डची, म्हणजे सक्तीची सरकारी, सेवा तुझ्यासमोर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलीस तर साधारण ३० हजार लोकसंख्येचा, आदिवासी भागात २० हजारांचा, कारभार तुझ्याकडे असेल. तिथं आशाताई असतील, सिस्टर असतील, फवारणी करून उलट्या होत आलेला मुलगा असेल, आणि गोळ्या डब्यात ठेवून "हो माय" म्हणणाऱ्या पुष्कळ आजी असतील. हाताखालचे सगळे लोक तुझ्याहून अनुभवी असतील आणि सही तुझी चालेल. त्यासाठी तयारीला तुला जी जागा मिळाली आहे ती हीच पाच घरं.

आणि त्यांना तुझा उपयोग काय, हे तू विचारलंस. आज थोडा आहे. आजींचं बीपी नीट मोजणं, एक बरोबर चिठ्ठी, एका योजनेची खरी माहिती, सुनेच्या कार्डावरची सुटलेली तारीख लक्षात आणून देणं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला एवढंच करता येतं आणि एवढं पुरेसं आहे. आजींना बरं करणं तुझ्यावर नाही, त्या योग्य डॉक्टरांपर्यंत पोचतील आणि महिन्यानं पुन्हा जातील, हे बघणं तुझ्यावर आहे.

पुढच्या भेटीआधी दोन गोष्टी कर. आशाताईंना फोन करून तुझी पाचही घरं त्या दिवशी गावात आहेत का ते विचार. आणि विभागातून मोठ्या मापाचा कफ मागून घे. आजींचा दंड जाड असेल तर नेहमीच्या कफनं बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं, आणि मग हे १७० आपल्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.